उस्तादांचा घोटा

नत्थूजी परात्यांचा उजवा घोटा मी पाच वर्षं जवळजवळ रोज हातात घेतला, तरी तो मी कधी धरला असं मला म्हणता येत नाही.

घोटा बारीक होता. एवढ्या नावाजलेल्या माणसाचा पाय दगडासारखा असेल असं वाटलं होतं. निघाला तो शाळेतल्या पोराचा असावा तसा. वर एक निळी शीर आणि बाहेरच्या हाडावर पांढरा पडलेला जुना व्रण. ह्या घोट्यावर अमरावतीपासून गोंदियापर्यंत लोकांनी पैजा लावल्या होत्या. कबड्डीत चढाई करणाऱ्याला घोट्याला धरून पाडायचं आणि दम तुटेपर्यंत मधल्या रेषेला पोचू द्यायचं नाही, एवढंच पकडणाऱ्याचं काम. नत्थूजींच्या ऐन काळात ते काम कोणाला जमलं नाही असं सांगत. मी ते पाहिलेलं नाही. मी आलो तेव्हा ते चाळिशी ओलांडलेले होते, आणि गिरणीच्या संघाचे प्रशिक्षक होते. सगळे त्यांना उस्ताद म्हणत.

मी देवगडकडचा. सातवीत शाळा सुटली. आमच्याकडची माणसं मुंबईला जातात. मी नागपूरला आलो, कारण गावातले एक जण तिथल्या कापडगिरणीत होते आणि गिरणीला कबड्डीची पोरं हवीत असं त्यांनी कळवलं. पहिल्या उन्हाळ्यात मला वाटलं, मी इथे मरणार आणि घरी कळायला आठवडा जाणार. भाषा मराठीच, पण काहून, कुठीसा, करून राहिलो, ह्यातलं निम्मं डोक्यावरून जाई. समजलं नाही तरी मी मान हलवत असे. कोणी परत पाठवू नये एवढीच माझी धडपड होती.

संघातल्या बहुतेकांना गिरणीत ‘बदली’ म्हणून घेतलेलं होतं. म्हणजे सकाळी भोंग्याच्या आधी फाटकाशी उभं राहायचं, कोणी कामगार आला नाही तर त्याच्या जागी आत, नाहीतर परत. आम्ही खेळाडू म्हणून आम्हाला आधी आत घेत. पण कायम कोणीच नव्हतं. गिरणीच्या साहेबांनी सांगून ठेवलं होतं, विदर्भाचा चषक आणा, सगळ्यांना कायम करतो. आमची जेवणं, बहिणींची लग्नं, घरी जाणारी मनिऑर्डर, सगळं त्या चषकाला टांगलेलं होतं.

उस्तादांच्या आधी एक ड्रिल मास्तर संघ सांभाळत. ते स्वतः कधी खेळले नव्हते, शिट्टी गळ्यात घालून आकृत्या काढत, आणि पोरं त्यांच्या पाठीमागे हसत. साहेबांनी त्यांना काढलं. ज्याला आजवर कोणी धरलं नाही, त्याच्याहून चांगला शिकवणारा कुठून आणायचा, असं साहेब म्हणाले. फाटकासमोरच्या चहाच्या टपरीवर सगळ्यांनी माना डोलावल्या. मागाहून आल्यावर हे ऐकलं तेव्हा मीसुद्धा. आजही कुठे हा वाद निघाला की मोठा खेळाडूच मोठा गुरू होतो, तर मी उठून जातो.

टपरीवर उस्तादांची जागा ठरलेली होती. बाकावर बसायचे आणि उजवा पाय लांब करून समोरच्या बाकावर ठेवायचे. कितीही गर्दी असो, त्या पायाशेजारी कोणी बसत नसे. मग एखादा म्हणे, “उस्ताद, ते तेलाचं सांगा नं.” ते पानाचा तोबरा एका गालात सारत.

“काय सांगू गा. समोरचा कप्तान पंचाले म्हणे, ह्यानं घोट्याले तेल लावलं. म्या म्हटलं, पूस. पंचानं ओलं फडकं आणलं, पुसलं. म्हटलं, अजून पूस. लोक हसून राहिले. मंग म्याच मूठभर माती घेतली, घोट्याले चोळली, म्हटलं, आता धर बाप्पा.”

“मंग?”

“मंग काय. तिघांले मारून आलो.”

ही गोष्ट मी शंभरदा ऐकली असेन. प्रत्येक वेळी माती चोळताना त्यांचा हात खरोखर घोट्याकडे जाई. घरी त्यांची बायको, आमच्या काकू, त्यांची थट्टा करीत. रोज सकाळी ते कोमट पाण्यानं तो एक पाय वेगळा धुवायचे, टाचेपासून वर. काकू चुलीपाशी बसून म्हणायच्या, “देव धुऊन राहिले जसे. आता फूल वाहा नं त्याले.” उस्ताद हसत नसत. थट्टा कळली नाही म्हणून नव्हे, त्यात थट्टेसारखं काय आहे ते त्यांना दिसत नसे.

त्या घरात मी पाच वर्षं रविवारी जेवलो. माझं नाव कधी कोणी घेतलं नाही, मी ‘कोकण्या’. “कोकण्या, भात घे अजून. तुमच्याकडे भाताशिवाय काय आहे?” म्हणत उस्ताद स्वतः वाढायचे. तापानं पडलो तेव्हा मला खोलीवरून उचलून त्यांनी आपल्या ओसरीवर निजवलं होतं. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं सांगताना ते राहून जाईल.

सराव संध्याकाळी, गिरणीच्या मागच्या मैदानात. पाणी मारलेल्या मातीवर चुन्याच्या रेषा. आत उतरण्याआधी एकेकानं उस्तादांच्या उजव्या पायाला हात लावून नमस्कार करायचा, आणि मग पहिली चढाई उस्तादांची. समोर आम्ही सात. पहिल्याच दिवशी मला कोपऱ्यात उभं केलं. शेजारी मोरेश्वर होता, इतवारीतला, आमचा चढाईचा मुख्य गडी. तो ओठ न हलवता म्हणाला, “घोट्याले हात लाव अन् सोडून दे.”

“आणि धरला तर?”

“धरून पाहा. उद्या फाटकाच्या बाहेर दिसशील.”

उस्ताद आले. त्यांचा दम मोठा गोड होता, कबड्डी-कबड्डी असं न वाटता भुंगा फिरतोय असं वाटे. पाय पुढे आला, मी हात लावला, सोडला. ते झटका देऊन वळले, रेषेपार गेले आणि ओरडले, “अरे धरा ना बे! जेवले नाही काय?” सगळे खाली मान घालून उभे. त्यांचा चेहरा असा उजळलेला मी नंतर दुसऱ्या कशानं पाहिला नाही.

खोटं लिहायचं नाही. त्यातल्या निम्म्या वेळा ते खरंच सुटले असते. एकदा मी मनापासून झेप घेतली आणि ते माझ्यावरून गेले, सावली गेल्यासारखे. पण कोणत्या निम्म्या वेळा, ते ना त्यांना कळलं, ना आम्हाला. रोज संध्याकाळी तेच. हात घोट्यावर आणि हात परत.

शिकवणं म्हणजे करून दाखवणं, एवढंच ते जाणत. घोटा सापडला की अंग पिळून उलटी उडी मारायची आणि दुसऱ्या पायानं मागे लाथ द्यायची, ही त्यांची उडी. मोरेश्वरला ती यायलाच हवी असा त्यांनी हट्ट धरला.

“असं,” म्हणून त्यांनी मारली.

“कसं?”

“असं.” पुन्हा मारली.

“उस्ताद, एक डाव हळू करून दाखवा नं.”

“हळू केलं तर ते होतच नाही ना, भैताडा.”

हे त्यांनी रागानं म्हटलं, पण ते खरं होतं. त्यांना ती उडी तुकड्यातुकड्यानं येत नव्हती. पाय आधी की कंबर आधी, हे विचारलं की ते क्षणभर गोंधळत, स्वतःच्या पायाकडे बघत, आणि मग चिडत. “पायाले विचार, मले काय विचारतं?” जे आपल्याला कधी शिकावं लागलं नाही ते दुसऱ्याला शिकावं लागतं, ही गोष्ट त्यांना आळशीपणाची वाटे. जमत नाही, हा शब्दच त्यांना कळत नव्हता.

मोरेश्वरनं पंधरा दिवस ती उडी मारली. एका संध्याकाळी तो उलटा वळला आणि गुडघ्यातून वाळकी काटकी मोडावी तसा आवाज आला. त्याला आम्ही धंतोलीत एका डॉक्टरकडे नेलं. उस्ताद रोज संध्याकाळी तिथे जात, खाटेशी बसून संत्री सोलत, फोडीवरचे धागे काढून एकेक फोड मोरेश्वरच्या हातावर ठेवत. आणि शेवटी, निघताना, म्हणत, “अर्ध्यात सोडली तुनं. पूर्ण मारली असती तर काही झालं नसतं.”

पहिल्या दिवशी मोरेश्वर हसला. तिसऱ्या दिवशी त्यानं भिंतीकडे तोंड केलं. तो पुन्हा खेळला नाही. काठी टेकत येऊन सरावाच्या वेळी कठड्यावर बसे, एवढंच.

त्याच्या पुढच्या वर्षी श्रावण गजभिये आला. कुहीकडचा, धानाच्या शेतावर राबलेला, बुटका आणि रुंद. त्याच्या वडिलांनी नागपुरात दीक्षा घेतली होती. पहिल्या दिवशी आम्ही ओळीनं वाकत होतो. त्याची पाळी आली तसा तो सरळ उभा राहिला आणि म्हणाला, “जयभीम, उस्ताद.”

उस्ताद म्हणाले, “पाया नाही पडत?”

“नाही जी. बापानं दीक्षा घेतली तवापासून आमच्या घरी कोणी कोणाच्या पाया पडत नाही. राग नका मानू.”

“राग काहून मानू? खेळाले उतर.”

आणि त्यांना त्या वेळी राग आला नव्हता, मी जवळच उभा होतो. श्रावणला उजवा कोपरा दिला. त्याला सांगायचं आमच्यापैकी कोणाला सुचलं नाही, किंवा धीर झाला नाही. उस्ताद भुंग्यासारखे आले, पाय पुढे टाकला आणि नेहमीच्या ऐटीत वळले. पाय मागेच राहिला. उस्ताद तोंडावर पडले. श्रावणनं घोटा दोन्ही हातांनी छातीशी धरला होता आणि डोकं खाली घालून तो पडून होता. उस्तादांनी ओढलं, पिळलं, ती उडी घ्यायला बघितलं. भुंगा थांबला.

“सोड,” उस्ताद म्हणाले.

“दम तुटला काय, उस्ताद?” श्रावणनं मान वर न करता विचारलं. त्याच्या मनात काही नव्हतं. गावच्या नियमानं विचारत होता.

“तुटला. सोड.”

उस्ताद उठले, कपाळाची माती पुसली. “कुठं शिकला?”

“गावात जी. धानाच्या बांधीत म्हशीची वगार सुटली का अशीच धरा लागते. एकडाव धरली का सोडा नाही लागत.”

कठड्यावरून मोरेश्वर एकटाच मोठ्यानं हसला. बाकी कोणी नाही. उस्ताद आमच्याकडे वळून म्हणाले, “ह्याले खेळाची अक्कल नाही. अंगानं धरते, डोक्यानं नाही.”

आठवडाभरात श्रावणचं नाव संघातून गेलं, आणि मग फाटकावर त्याची पाळी येईनाशी झाली. कोणी म्हणालं, पाया पडला नाही म्हणून. कोणी म्हणालं, घोटा सोडला नाही म्हणून. मला वाटतं, खुद्द उस्तादांनाही ह्या दोन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या करून सांगता आल्या नसत्या. जाताना श्रावण टपरीवर आला. मी आणि मोरेश्वर चहा पीत होतो. वळकटी खांद्यावर, आवाजात तक्रार नाही. त्यानं विचारलं, “तुमी सगळे धरून सोडता काहून गा?”

मोरेश्वर म्हणाला, “पोटासाठी.”

श्रावणनं वळकटी दुसऱ्या खांद्यावर घेतली. “म्या तं पोटासाठीच धरलं,” म्हणाला आणि बसच्या रस्त्याला लागला.

त्यानंतरच्या हिवाळ्यात आम्ही चषकाच्या अंतिम सामन्यात पोचलो. समोर कन्हानच्या खाणीकडचा संघ, आणि त्यांच्या उजव्या कोपऱ्यात श्रावण. मैदानाला माणसं मावेनात. आमची अर्धी गिरणी आली होती, साहेब खुर्चीत. सुरुवातीला आम्ही पुढे होतो. मग त्यांचा एक उंच, सावकाश पोरगा चढाईला आला. खेळ साधाच होता त्याचा. पाय आमच्या डाव्या कोपऱ्यापुढे टाकला, आमच्या गड्यानं घोट्यावर हात घातला. आणि काढून घेतला. पोरगा परत गेला. पुढच्या चढाईला तो माझ्या बाजूला आला. त्याचा घोटा माझ्या मुठीत आला, घामानं ओला, चांगला जाडजूड. पुढच्या क्षणी मूठ रिकामी होती. मी सोडला नव्हता. हात आपला आपण परत आला होता. पलीकडे आमचे गडी जात आणि श्रावणच्या हातात राहत.

मध्यंतराची शिट्टी झाली तसे उस्ताद रेषेवरून आत आले. “धरून सोडता काहून बे? आँ? हाताले काय झालं?”

तेव्हा काठी टेकत मोरेश्वर पुढे आला. गर्दी होती, पण त्याला आवाज चढवावा लागला नाही.

“तुमीच शिकवलं, उस्ताद. पाच वर्षं रोज संध्याकाळी तुमाले सोडून राहिले ते. आता हात दुसरं काही जाणत नाही.”

“मले?” उस्ताद म्हणाले. “मले सोडत होते? मले धरू शकणारा पैदा झाला काय?”

मोरेश्वरनं काठीनं पलीकडे दाखवलं. श्रावण तिथे पाणी पीत होता.

उस्तादांनी तिकडे पाहिलं. मग आमच्या एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं, आणि कोणाच्या तोंडावर काय सापडलं कोण जाणे. “खेळा,” म्हणाले आणि जाऊन आमच्याकडे पाठ करून उभे राहिले. उरलेला सामना त्यांनी पाहिला नाही. आम्ही हरलो, आणि थोडक्यात नाही.

साहेबांनी महिन्याच्या आत संघ मोडला. बदलीची पोरं फाटकाशी उभी राहून राहून पांगली. कोणी हमाली धरली, कोणी गावी गेलं. मी ट्रंक भरत होतो तेव्हा उस्ताद खोलीवर आले आणि म्हणाले, “चल.” साहेबांच्या दाराशी ते तासभर उभे राहिले. आत गेल्यावर मला फक्त एक वाक्य ऐकू आलं, “ह्याले इथं कोणी नाही, साहेब. हा एक ठेवा.” आयुष्यात ते दुसऱ्या कशासाठी कोणाच्या दाराशी उभे राहिले नव्हते, असं काकू मागाहून म्हणाल्या. मी राहिलो, कायम झालो. बायको आणली, पोरं झाली, त्यांच्या शाळा झाल्या. हे सगळं त्या तासाभराचं. ज्या संघाला त्यांनी बुडवलं त्यातल्या एकालाच त्यांनी काठावर काढलं, आणि तो मी. तूच का, हे मला बाकीच्यांपैकी कोणी विचारलं नाही.

उस्ताद नंतर प्रशिक्षक म्हणून कुठे गेले नाहीत. टपरीवर पाय लांब करून बसत. तेलाची गोष्ट मात्र पुन्हा सांगितली नाही.

गिरणीतून निवृत्त झाल्यावर त्यांची छाती बिघडली. दोन पायऱ्या चढले की थांबत. ज्या माणसाचा दम ऐकायला लोक झाडावर चढत, त्याला काकू म्हणत, “बोलू नका, आधी श्वास घ्या.” अशात एक दिवस ते मला म्हणाले, “कोकण्या, त्या गजभियेकडे ने मले.” श्रावण तोपर्यंत कन्हानला पोरं तयार करत होता. स्वतः तो दोनच हंगाम खेळला होता, त्याचं नाव कोणाला आठवत नसे. पण त्याची पोरं राज्याच्या संघात जात होती.

आम्ही बसनं गेलो. श्रावणनं धावत येऊन खुर्ची मांडली, रुमालानं पुसली. “जयभीम, उस्ताद. बसा.” चहा मागवला. मग आपल्या कामाला लागला. एका पोराला घेऊन तो पकड शिकवत होता, अर्धा तास तीच. “आधी बोटं. नाही, अंगठा वरून. आता मनगट. आता खांदा लाव. घाई नाही गा, हळू कर, हळू केलं तरच समजते.” उस्ताद गुडघ्यावर हात ठेवून बघत होते. चहावर साय आली.

मग त्यांनी त्या पोराला हाक मारली. वीसेक वर्षांचा असेल. उस्तादांनी चप्पल काढली, उजवा पाय पुढे केला. “धर.”

पोरानं श्रावणकडे पाहिलं. श्रावण म्हणाला, “उस्ताद, राहू द्या नं.”

“धर म्हटलं.”

श्रावण पोराला म्हणाला, “धर. शिकवलं तसं.”

पोरगा गुडघ्यावर बसला. आधी बोटं, अंगठा वरून, मग मनगट. उस्तादांनी खुर्चीचे हात घट्ट पकडले आणि पाय ओढला. एकदा. पुन्हा. मान लाल झाली, गळ्याच्या शिरा वर आल्या, श्वास शिट्टीसारखा वाजायला लागला. पाय जागचा हलला नाही. बारीक घोटा, वर निळी शीर, आणि त्यावर एका अनोळखी पोराची बोटं.

“सोड,” उस्ताद म्हणाले.

पोरानं सोडलं नाही. त्याला तसं शिकवलं नव्हतं. तो श्रावणकडे बघत राहिला. श्रावण खाली मान घालून म्हणाला, “सोड बेटा.”

येताना बसमध्ये ते खिडकीकडे तोंड करून बसले. कन्हानच्या पुलावर एकदाच वळले आणि म्हणाले, “तुमी सगळे...” पुढे बहुधा श्वास पुरला नाही.

घरी त्यांना खुर्चीत बसवलं. काकू म्हणाल्या, “जेवून जाय.” मी म्हटलं, उशीर झालाय, आणि नेहमीसारखा नमस्काराला वाकलो. माझा हात पोचायच्या आत त्यांनी दोन्ही पाय खुर्चीखाली ओढून घेतले.

“राहू दे,” म्हणाले.

नंतर मी पुन्हा गेलो तो शेवटचाच. मे महिना होता, नागपूरचा, भिंतीला हात लावता येत नव्हता. उस्ताद ओसरीवर बसले होते, उघड्या अंगानं, आणि कमरेपासून खाली पायांवर जाड चादर घट्ट खोचून घेतलेली होती.